सतरा रुपये सत्तर पैशांचा हिशेब

बँकेतले पैसे कमी कसे झाले, असे आपल्या वस्तीतील कोणत्याही मावशीला विचारा. उत्तर ठरलेले आहे : "सिस्टिमनं कापले." शाखेत जाऊन साहेबांना विचारले तरी तेच उत्तर मिळते, फक्त थोड्या शुद्ध भाषेत. हे सिस्टिम नावाचे गृहस्थ कोणत्या टेबलावर बसतात, सही कशी करतात, रजेवर कधी जातात, हे आजवर कोणाला कळलेले नाही. पण कधी महिन्याला, कधी तिमाहीला ते आपल्या घामाच्या पैशातून सतरा रुपये, एकशे सत्तर रुपये, कधी पाचशे रुपये उचलून नेतात आणि आपण पासबुक पिशवीत घालून मुकाट्याने घरी येतो.

वाचकहो, सिस्टिम कापत नाही, बँक कापते. संगणकात दर भरणारी बँकच असते आणि तो दर कसा लावावा याचे नियम रिझर्व्ह बँकेने कागदावर लिहून ठेवलेले आहेत. ते नियम पाळून कपात झाली असेल तर आपल्याला ती सोसावी लागेल. नियम मोडून झाली असेल तर ते पैसे परत मागता येतात आणि परत मिळतातही. त्यासाठी वकील लागत नाही, ओळख लागत नाही. एक कागद लागतो, त्यावर शिक्का लागतो आणि थोडा दम धरावा लागतो.

पैशाचा हिशेब हा आपल्या समाजाचा विषय नाही, असे कोणी समजू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावर लिहिलेला प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगासमोर त्यांनी चलनाच्या प्रश्नावर साक्ष दिली. रुपयाची किंमत घसरली की व्यापाऱ्याचे साधते आणि रोजंदारीवाल्याच्या ताटातली भाकरी लहान होते, हे त्यांनी अर्थशास्त्राच्या भाषेत मांडले होते. त्या महामानवाच्या लेकरांनी पासबुक न वाचता घडी घालून ठेवावे, हे आम्हाला बरे वाटत नाही.

आता आकडे पाहू. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यसभेत एका प्रश्नाला लेखी उत्तर देताना तेव्हाचे केंद्रीय अर्थ राज्यमंत्री डॉ. भागवत कराड यांनी माहिती दिली. डॉ. कराड हे आपल्याच शहराचे माजी महापौर. सरकारी बँका आणि पाच मोठ्या खासगी बँका यांनी २०१८ पासून किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल २१ हजार कोटी रुपयांहून अधिक, एटीएमच्या जादा व्यवहारांसाठी ८ हजार कोटींहून अधिक आणि एसएमएस पाठवण्यासाठी ६ हजार कोटींहून अधिक रक्कम ग्राहकांकडून घेतली. तिन्ही मिळून ३५ हजार कोटींच्या पुढे. किमान शिल्लक कोणाची राहत नाही? ज्याच्याजवळ शिल्लक टाकायला काही उरत नाही त्याची. म्हणजे दंड कशाचा, तर गरीब असल्याचा.

मराठवाड्यातील लोकांना याची ओळख एका ठराविक दिवशी झाली. आपल्याकडे जुन्या पिढीची खाती बहुतेक 'हैदराबाद बँकेत' असत. निजामाच्या काळात १९४१ साली निघालेली ही बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. पाटी बदलली, पासबुक बदलले. आणि नेमक्या त्याच तारखेपासून स्टेट बँकेने पाच वर्षांपूर्वी बंद केलेला किमान शिल्लकेचा दंड पुन्हा सुरू केला. एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत या दंडापोटी १,७७१ कोटी रुपये गोळा झाल्याची अर्थ मंत्रालयाची आकडेवारी वर्तमानपत्रांत आली आणि देशभर ओरड झाली. एप्रिल २०१८ पासून दंड कमी करण्यात आला. मार्च २०२० मध्ये स्टेट बँकेने तो पूर्ण काढून टाकला. २०२५ च्या उन्हाळ्यात कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक यांनीही तो बंद केला. जो आकार 'नियमच आहे, आम्ही काय करणार' म्हणून सांगितला जात होता, तो ओरड झाल्यावर निघाला.

खासगी बँकांत मात्र हा दंड अजून आहे. आणि आपली तरुण मुले आज खासगी बँकांतच अडकलेली आहेत. कसे ते पुढे सांगतो.

जनधन खात्यातून गेलेले कोट्यवधी

त्याआधी मथळ्यातल्या सतरा रुपये सत्तर पैशांची गोष्ट. ही आमच्या मते प्रत्येक विहारात वाचून दाखवावी अशी आहे.

गरिबांसाठी झिरो बॅलन्सचे जे खाते असते त्याला 'मूलभूत बचत ठेव खाते' म्हणतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१२ मध्ये त्याचे नियम काढले. किमान शिल्लक नाही, एटीएम कार्ड फुकट, महिन्याला चार वेळा पैसे काढणे फुकट. २०१४ पासूनची जनधन खाती याच प्रकारातली. स्टेट बँकेने या खात्यांवर चारपेक्षा जास्त व्यवहार झाले की पुढच्या प्रत्येक व्यवहाराला १५ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे १७ रुपये ७० पैसे कापायला सुरुवात केली. त्यात मोबाईलवरून केलेले यूपीआयचे व्यवहार आणि रुपे कार्डाचे व्यवहारही धरले. म्हणजे सरकार म्हणत होते रोकड वापरू नका, मोबाईलने द्या. आणि बाईने मोबाईलने वीस रुपयांची भाजी घेतली की बँक सतरा रुपये सत्तर पैसे कापत होती.

हे उघड केले ते कोणत्या पुढाऱ्याने नव्हे, तर मुंबईच्या पवई येथील आयआयटीतील संख्याशास्त्राचे प्राध्यापक आशिष दास यांनी. त्यांच्या अहवालानुसार २०१५ ते २०२० या काळात स्टेट बँकेने सुमारे १२ कोटी मूलभूत खात्यांवर ३०० कोटींहून अधिक रुपयांचे असे आकार लावले. त्याच सुमारास, ३० ऑगस्ट २०२० रोजी, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून बँकांना सांगितले की १ जानेवारी २०२० नंतर यूपीआय व रुपेच्या व्यवहारांवर घेतलेले आकार ताबडतोब परत करा. पैसे परत करायला सुरुवात झाली. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या त्यांच्या पुढच्या अहवालात म्हटले होते की एप्रिल २०१७ पासूनच्या वसुलीपैकी जेमतेम ९० कोटी परत झाले आणि १६४ कोटी रुपये खातेदारांना मिळायचे बाकी आहेत. हे बाकी राहिलेले पैसे १ जानेवारी २०२० च्या आधीचे, म्हणजे परिपत्रकाच्या तारखेत न बसणारे.

यातून दोन गोष्टी दिसतात. कपात चुकीची ठरू शकते आणि पैसे परत येऊ शकतात, ही एक. दुसरी अशी की सरकारी कागदावर जी तारीख पडते तिच्या अलीकडचे पैसे परत येतात आणि पलीकडचे, कोणी मागितले नाहीत तर, तसेच राहतात. ज्यांचे गेले त्यांना गेले हेच ठाऊक नव्हते, मग मागणार कोण?

आता या खात्याचा नियम आणखी सुधारला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने काढलेल्या सुधारणेत यूपीआयसारखे डिजिटल व्यवहार त्या महिन्याच्या चार वेळांत धरू नयेत असे स्पष्ट केले आणि अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठेवली. आपले साधे बचत खातेही अर्ज देऊन मूलभूत खात्यात बदलून घेता येते. काही ठिकाणी सांगतात, "ते गरिबांचं खातं आहे, त्यात जास्त पैसे ठेवता येत नाहीत." ती मर्यादा कागदपत्रांशिवाय उघडलेल्या 'लहान' खात्याची आहे. आधार वगैरे देऊन पूर्ण ओळख झालेल्या मूलभूत खात्याला ती लागू नाही. त्याच बँकेत दुसरे बचत खाते मात्र नसावे.

वाळूजचा पगार, लाडक्या बहिणीचा हप्ता, नागसेनवनातली शिष्यवृत्ती

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथे ठेकेदारामार्फत कामाला जाणारी आपली मुले कितीतरी आहेत. एक ठेकेदार एका बँकेत पगाराचे खाते उघडतो. अकरा महिन्यांनी ठेकेदार बदलतो, नवा ठेकेदार दुसऱ्या बँकेत खाते उघडायला लावतो. चार वर्षांत मुलाजवळ चार एटीएम कार्डे होतात. पगाराचे खाते झिरो बॅलन्स असते, हे त्याला माहीत असते. पगार येणे थांबला की काही महिन्यांत बँक त्या खात्याला साधे बचत खाते करते आणि मग पाच हजार, दहा हजार अशी किमान शिल्लक लागू होते, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही. खात्यात आधीच काही नसते, म्हणून काही कापलेलेही दिसत नाही. बँक दंडाची रक्कम बाजूला लिहून ठेवते आणि वाट पाहते. कोणी तरी त्या खात्यात हजार रुपये पाठवले की ते आल्या पावली जातात.

ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते मिळून ३,००० रुपये जमा झाले, तेव्हा महाराष्ट्रभर हेच घडले. वर्षानुवर्षे पडून असलेल्या खात्यांवर पैसे आले आणि काही बँकांनी जुन्या येण्यापोटी ते वळते करून घेतले. तक्रारी एवढ्या वाढल्या की ही रक्कम कोणत्याही थकबाकीत वळती करू नये, अशा सूचना राज्य सरकारला बँकांना द्याव्या लागल्या. मुकुंदवाडीहून सिडकोत धुणीभांडी करायला जाणाऱ्या एका भगिनीचे तीन हजारांपैकी अकराशे ऐंशी रुपयेच तिच्या हाती आले होते. त्या पैशात मुलीची वह्या-पुस्तके घ्यायची होती. तिने बँकेत दोन फेऱ्या मारल्या, म्हणजे दोन घरची दोन दिवसांची कामे बुडवली. दोन्ही वेळा तेच ऐकले : मावशी, सिस्टिमनं कापले. तिसऱ्या वेळी ती आमच्याकडे आली. आम्ही तिच्या नावाने एक पानी अर्ज लिहिला. पंचवीस दिवसांनी कापलेली सगळी रक्कम पासबुकात परत आली. बँकेने उत्तराचे पत्र काही दिले नाही. पैसे मुकाट्याने गेले होते, मुकाट्याने परत आले.

विद्यार्थ्यांचे दुखणे वेगळे. अनुसूचित जातीच्या मुलांना मिळणारी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. आपल्या पिढ्यान् पिढ्या तिच्यावर शिकल्या, बाबासाहेबांनी १९५० मध्ये सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयात खेड्यापाड्यातून आलेली पोरे तिच्या भरवशावर राहिली. ती आता थेट खात्यावर येते. वर्षातून एक-दोनदाच येते, कधी दीड-दोन वर्षे रखडते. तोवर खाते 'निष्क्रिय' होते. मग पैसे जमा होत नाहीत किंवा खाते चालू करायला आकार मागतात. हे आता चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या निर्देशांप्रमाणे निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लकेचा दंड लावता येत नाही, खाते पुन्हा चालू करण्यासाठी आकार घेता येत नाही, आणि शिष्यवृत्ती किंवा सरकारी अनुदानासाठी उघडलेल्या झिरो बॅलन्स खात्यांना निव्वळ दोन वर्षे व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय ठरवायचे नाही. नागसेनवन परिसरातील वसतिगृहांच्या सूचनाफलकावर हा मजकूर लावावा, अशी आमची विद्यार्थी कार्यकर्त्यांना विनंती आहे.

दंड लावण्याआधी बँकेने काय करायचे असते

मुख्य हत्यार आहे ते रिझर्व्ह बँकेचे २० नोव्हेंबर २०१४ चे परिपत्रक. ते १ एप्रिल २०१५ पासून लागू झाले. त्याचा आशय असा : किमान शिल्लक कमी झाली तर बँकेने एसएमएस, ईमेल किंवा पत्राने आधी कळवायचे आणि एक महिन्याची मुदत द्यायची. तेवढ्या काळात शिल्लक भरली नाही तरच दंड. तो दंडही सरसकट नाही, जेवढी रक्कम कमी पडली तेवढ्याच्या प्रमाणात. आणि निव्वळ या दंडामुळे खाते उणे होता कामा नये. एसएमएसचा आकारही तिमाहीला ठोक न घेता प्रत्यक्ष वापराप्रमाणे घ्यावा, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच सांगितले आहे.

एटीएमबाबत आपल्या शहराला एक सवलत आहे. मुंबई, हैदराबादसारख्या सहा महानगरांत दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला तीन व्यवहार फुकट, आपल्याकडे पाच. स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर सगळीकडे पाच. त्यापुढे १ मे २०२५ पासून व्यवहारामागे जास्तीत जास्त २३ रुपये व त्यावर कर. मशीनमधून पैसे निघाले नाहीत पण खात्यातून गेले, तर पाच दिवसांत आपोआप परत आले पाहिजेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. ही भरपाई खातेदाराने न मागताही द्यायची असते. तरी मागावी.

मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये किंवा २० रुपये कापलेले दिसले तर मात्र लगेच भांडायला जाऊ नये. ते बहुधा प्रधानमंत्री जीवनज्योती आणि सुरक्षा विमा योजनेचे हप्ते असतात. सही न घेता कापले असतील तर तक्रार जरूर करावी. पण घरातला कर्ता माणूस गेला तर याच नोंदीवर दोन लाखांचा दावा करता येतो, म्हणून रागाच्या भरात विमा बंद करण्याआधी घरात विचार करावा. मयताच्या पासबुकात ही नोंद आहे का, हे पाहायचे राहून गेलेली घरे आम्ही पाहिली आहेत.

अर्ज असा लिहावा

काउंटरवर भांडू नये. काउंटरवरच्या मुलीच्या हातात काही नसते आणि तोंडी बोलणे हवेत जाते. आम्ही वीस वर्षे कारकुनी करीत आहोत, म्हणून अनुभवाने सांगतो : तोंडी तक्रार ही तक्रारच नव्हे. कागदाला आवक क्रमांक पडला की तो कागद कोणाच्या तरी टेबलावर जिवंत होतो आणि त्याचा निकाल लावल्याशिवाय त्या टेबलाला झोप लागत नाही. म्हणून दोन प्रती कराव्यात, एक द्यावी, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर वाद न घालता पोस्टात जावे आणि पोच मिळेल अशा रीतीने टपालाने पाठवावे.

मजकूर मराठीतच आणि थोडक्यात :

"प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय : बचत खाते क्रमांक ...... मधून केलेली कपात परत मिळणेबाबत. महोदय, माझ्या वरील खात्यातून दिनांक ...... रोजी रुपये ...... व दिनांक ...... रोजी रुपये ......, एकूण रुपये ...... कमी करण्यात आले आहेत. पासबुकाच्या पानाची प्रत सोबत जोडली आहे. सदर कपात आपल्या दरपत्रकातील कोणत्या नोंदीनुसार केली, तसेच कपातीपूर्वी मला कोणत्या तारखेस व कोणत्या मार्गाने सूचना दिली, ते लेखी कळवावे. सूचना व एक महिन्याची मुदत दिलेली नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या दि. २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकानुसार ही कपात अयोग्य असल्याने रक्कम परत जमा करावी. तसेच माझे खाते मूलभूत बचत ठेव खात्यात बदलून द्यावे. ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करण्यात येईल. कळावे."

यात 'मी गरीब आहे, दया करावी' असे एकही वाक्य नाही, हे ध्यानात घ्यावे. काही वडीलधाऱ्यांना ते घातल्याशिवाय अर्ज पुरा वाटत नाही. ते घालू नये. आपण आपलेच पैसे मागत आहोत.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर लोकपाल. नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने देशभरासाठी एकच लोकपाल व्यवस्था केली. तक्रार तिच्या संकेतस्थळावर करता येते किंवा साध्या टपालाने चंदीगड, सेक्टर १७ येथील रिझर्व्ह बँकेच्या तक्रार केंद्राकडे पाठवता येते. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. शुल्क एक पैसाही नाही. मुदतीचे बंधन असते, म्हणून बँकेचे उत्तर आल्यावर कागद उशाशी ठेवून झोपू नये.

येथे एक खुबी आहे. 'आकार फार जास्त आहे' अशी तक्रार केली तर लोकपाल ती घेणार नाही. किती आकार लावावा हा बँकेचा व्यापारी निर्णय, त्यात ते पडत नाहीत. 'सूचना दिली नाही', 'मुदत दिली नाही', 'दरपत्रकापेक्षा जास्त घेतले', 'निष्क्रिय खात्यावर दंड लावला' असे नियमभंगावर बोट ठेवावे लागते. म्हणून वर परिपत्रकाची तारीख दिली आहे, ती पाठ करावी.

सगळ्यांचे पैसे परत येतात, असे आम्ही म्हणणार नाही. चिकलठाण्यातील एका बांधवाचा अर्ज बँकेने फेटाळला. बँकेने सूचनेचे एसएमएस कोणत्या तारखांना पाठवले याची यादीच पुढे ठेवली. ते ज्या मोबाईल क्रमांकावर गेले तो क्रमांक या बांधवाने तीन वर्षांपूर्वी बदललेला, पण बँकेत नोंदवलेला नव्हता. लोकपालाकडेही काही झाले नाही. साडेसहाशे रुपये गेले. आता त्याचे खाते मूलभूत आहे, एवढेच.

त्यापुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. लोक अजून 'ग्राहक मंच' म्हणतात. १९८६ च्या कायद्याने हे न्यायालय आले आणि २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. नव्या कायद्यात आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, बँकेचे मुख्यालय मुंबईला असले तरी. आपल्यासारख्यांच्या लहान रकमांना फी नाही. वकील लागत नाही, स्वतः उभे राहता येते. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावे. लोकपालाकडे चालू असलेले प्रकरण त्याच वेळी आयोगात नेऊ नये, एकावेळी एकच दार. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर आधी सल्ला घेता येतो.

दोन-तीनशे रुपयांसाठी तारखांना कोण जाणार, हा प्रश्न रास्त आहे. रोज बुडाला तर पाचशे रुपये जातात. याला उत्तर एकट्याने नाही. कायद्यात सोय आहे की ज्यांची तक्रार एकसारखी आहे अशा अनेकांच्या वतीने, आयोगाच्या परवानगीने, एक-दोघांनी तक्रार करावी. एकाच ठेकेदाराकडचे, एकाच बँकेत खाते असलेले चाळीस कामगार असतील तर चाळीस पासबुकांची एक तक्रार होऊ शकते. नामांतरासाठी सतरा वर्षे रस्त्यावर एकत्र राहिलेल्या, १४ जानेवारी १९९४ पाहिलेल्या मराठवाड्याला चाळीस पासबुके एकत्र करणे जड जाऊ नये.

इंग्लंडमध्ये हे मोठ्या प्रमाणावर झाले. २००६-०७ च्या सुमारास तेथे खात्यात शिल्लक नसताना लावलेल्या दंडाविरुद्ध साध्या लोकांनी बँकांना पत्रे लिहिली, लहान दाव्यांच्या न्यायालयात अर्ज टाकले. कोर्टात उभे राहण्यापेक्षा बँका पुष्कळदा आधीच पैसे परत करीत. मग २००७ मध्ये एक मोठा दावा उभा राहिला, बाकीचे दावे त्याच्या निकालापर्यंत थांबवले गेले आणि नोव्हेंबर २००९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने बँकांच्या बाजूने निकाल दिला. आधी मागितलेल्यांच्या पदरात पडले. बघू, करू म्हणत बसलेले तसेच राहिले.

पतसंस्थेत खाते असणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिच्याविरुद्ध रिझर्व्ह बँकेचा लोकपाल ऐकत नाही, तेथे सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे जावे लागते. आदर्श नागरी पतसंस्थेच्या ठेवीदारांची २०२३ पासून काय परवड झाली ती शहराने पाहिली आहे. विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती आणि म्हाताऱ्यांचे निराधार अनुदान तरी बँकेतल्या मूलभूत खात्यावरच घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमच्या वस्तीतील विहारात रविवारी वंदनेनंतर दोन तास आम्ही चार कार्यकर्ते टेबल मांडून बसतो. अर्ज लिहून देतो, पैसे घेत नाही. आपल्या विहारातही एखादा शिकलेला मुलगा किंवा मुलगी हे सहज करू शकेल. येणाऱ्यांना सांगावे की पासबुक आधी बँकेत छापून आणा, निदान दोन वर्षांचे. जुन्या ठेकेदाराच्या काळातली सगळी एटीएम कार्डेही आणा, मग ती चालत असोत वा नसोत. बँकेत नोंदवलेला मोबाईल क्रमांक चालू आहे का ते पाहून या. कार्डाचा पिन कोणालाही, आम्हालासुद्धा, सांगू नका. आणि झेरॉक्सचे दोन संच काढा, एक बँकेसाठी, एक घरच्या पेटीत ठेवायला.